जुन्या फोनवर ईमेल चालू करायचंय: आयमॅप, पॉप, एक्स्चेंज की सरळ ब्राउझर?

ड्रॉवरमधला जुना फोन सापडला, चार्जिंगला लावला, चक्क चालू झाला, आणि आता वाटतंय की यावर निदान मेल तरी बघता यायला हवं. ही खाज ज्यांना सुटलीये त्यांच्यासाठी लिहितोय. कुणाला बटणांच्या कीबोर्डवर टाइप करायची हौस असते, कुणाला स्मार्टफोनपासून चार दिवस सुटका हवी असते, कुणाच्या घरी वडील जुना हँडसेट सोडायलाच तयार नसतात. कारण काहीही असो, रस्ते चारच आहेत (आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरून फोनवर मेल आणायच्या दोन पद्धती, एक्स्चेंज ही मायक्रोसॉफ्टची ऑफिसातल्या मेलची व्यवस्था, आणि चौथा ब्राउझर), त्यातले दोन आता जवळपास बंद झालेत आणि एक अर्धवट.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बहुतेक जण सुरुवात फोनपासून करतात, की हा फोन चांगला का तो. पण फोनपेक्षा तुमचं मेलचं खातं कुणाकडे आहे यावर जास्त अवलंबून आहे. तोच फोन, त्याच बोटांनी भरलेली तीच सेटिंग, एका खात्यावर पाच मिनिटांत चालू आणि दुसऱ्या खात्यावर डोकं आपटलंत तरी नाही, असं सर्रास होतं.

याचं कारण म्हणजे दारावर दोन कुलपं आहेत. पहिलं पासवर्डचं. जुन्या फोनच्या मेल ॲपला एवढंच माहीत असतं की युजरनेम आणि पासवर्ड सर्व्हरला पाठवायचा आणि आत जायचं. आताच्या पद्धतीत, जिला ओऑथ म्हणतात, ब्राउझरचं पान उघडतं, तिथे तुम्ही साइन इन करता आणि ॲपच्या हातात फक्त एक टोकन पडतं, खरा पासवर्ड ॲपला कळतच नाही. जुन्या ॲपला हा प्रकार ठाऊकच नाही. मग गूगलने काय केलं, ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांना नुसत्या पासवर्डने येणारी ॲप्स बंद केली, पण मागचं दार ठेवलं: टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवून घ्या, तो जुन्या फोनमध्ये टाका, काम झालं. दाखवताना तो चार-चार अक्षरांच्या गटात दिसतो, टाकताना मधली जागा सोडायची नाही. याहूकडे आणि ॲपलच्या आयक्लाउडकडेही असलाच ॲप पासवर्ड मिळतो.

मायक्रोसॉफ्टवाल्यांचं मात्र वाईट झालंय. ऑफिसच्या एक्स्चेंज ऑनलाइनवर ऑक्टोबर २०२२ पासून साधा पासवर्ड बंद करायला घेतला, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून हॉटमेल, आउटलुक डॉट कॉम वगैरे पर्सनल खात्यांनाही तेच लागू झालं. तिथे ॲप पासवर्डचा जुगाडही या कामाला चालत नाही. म्हणजे खातं हॉटमेलचं आणि फोन ओऑथ न कळणारा असेल तर सरळ रस्ता नाहीये, खाली आडवळण सांगितलंय ते बघा.

दुसरं कुलूप एन्क्रिप्शनचं, आणि हे जास्त छळतं, कारण एरर नीट येत नाही. फोन आणि सर्व्हरमधलं बोलणं टीएलएसने झाकलेलं असतं. टीएलएस १.० हे १९९९ चं, १.२ आलं २००८ ला, आणि मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ दोन्ही अधिकृतपणे बाद ठरवली गेली. सर्व्हर एकेक करून जुनं बोलणं बंद करत चाललेत. आयफोनमध्ये १.२ आयओएस ५ पासून आहे. अँड्रॉइडमध्ये ४.१ पासून आत आहे पण आपोआप चालू असतं ते ५.० पासून, त्यामुळे मधल्या फोनांत एक ॲप चालतं आणि दुसरं नाही असला घोळ होतो.

त्यात परत सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणारं ओळखपत्र. छोट्या होस्टिंगवरचं मेल असेल तर तिथे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं सर्टिफिकेट असण्याची शक्यता भरपूर, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत त्यांचं नवीन रूट, म्हणजे ज्याच्या भरवशावर फोन बाकीची सर्टिफिकेटं मानतो ते मूळ सर्टिफिकेट, नाहीये. २०२१ मध्ये जुनं रूट संपलं, मग जोडणीचा एक जुगाड करून २०२४ पर्यंत ओढलं, आता तोही संपला. उपाय आहे, रूट सर्टिफिकेटची फाइल फोनमध्ये टाकून सेटिंगमधल्या सिक्युरिटीमधून हाताने इन्स्टॉल करायची, अँड्रॉइड ६ पर्यंत ॲप्स ते मुकाट्याने मानतात. फक्त आधी स्क्रीन लॉक लावायला सांगतो, तेवढं लावा.

आणि तारीख! एक अख्खी संध्याकाळ मी सर्व्हरला शिव्या देण्यात घालवलीये, पोर्ट (सेटिंगमध्ये भरायचा सर्व्हरच्या दाराचा नंबर) बदल, पासवर्ड बदल, फोन रीसेट कर, सगळं केलं, शेवटी लक्षात आलं की बॅटरी काढून वर्षभर पडलेल्या फोनची तारीख कुठल्या कुठे मागे गेलीये. फोनच्या हिशेबाने सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. आयफोन ५ मध्ये तर हा घोळ जगजाहीर आहे, ३ नोव्हेंबर २०१९ च्या आधी १०.३.४ हे अपडेट टाकलं नाही तर जीपीएसच्या आठवड्यांच्या मोजणीमुळे तारीख बिघडणार आणि मेलपासून ब्राउझरपर्यंत सगळं अडणार, असं ॲपलनेच सांगितलं होतं. तेव्हा आधी घड्याळ बघा, मग बाकीचं.

आता मूळ मुद्दा, आयमॅप घ्यायचं का पॉप.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो, आयमॅप घ्या, पॉप जुनाट आहे. नव्या फोनसाठी अगदी खरं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, फोनवर वाचला की कॉम्प्युटरवरही वाचलेला दिसतो, इथे डिलीट केला की तिथेही गेला, फोल्डर सगळे जसेच्या तसे. पोर्ट ९९३. पण जुन्या फोनला हेच जड जातं. पंधरा वर्षांचा मेल साठलेला इनबॉक्स, त्यात जीमेलचा ऑल मेल नावाचा फोल्डर ज्यात सगळं परत एकदा दिसतं, आणि तो बिचारा हँडसेट यादी वाचता वाचताच गार पडतो. आयमॅपच हवं असेल तर कॉम्प्युटरवरून जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरमागे १००० मेलची मर्यादा लावा, आणि लेबल्समध्ये ऑल मेल, स्पॅम आणि नको ती लेबलं यांच्यासमोरची आयमॅपमध्ये दाखवा ही खूण काढून टाका. एवढ्याने फोनमध्ये जीव येतो.

पॉप म्हणजे मेल उतरवून घ्यायचा आणि विषय संपला. पोर्ट ९९५. फोल्डर नाहीत, वाचलं-न वाचलंचा मेळ नाही, पाठवलेले मेल फोनवरच अडकून राहतात. आणि मोठा धोका हा की काही जुन्या ॲप्समध्ये उतरवल्यावर सर्व्हरवरून उडवून टाकायचं सेटिंग मुळातच चालू असतं, ते बघितल्याशिवाय पहिलं सिंक करू नका, प्लीज. पण जुन्या फोनला पॉप फार मानवतं, एकदा उतरवलं की नेट नसलं तरी वाचता येतं, मेमरी कमी लागते, आणि जीमेलवर एक भारी सोय आहे जी फार कमी लोकांना माहितीये. युजरनेमच्या जागी पत्त्याच्या आधी इंग्रजीत रिसेंट हा शब्द आणि त्याला चिकटून कोलन टाकायचा, मग पुढे नेहमीचा पूर्ण पत्ता. मग फोनला फक्त शेवटच्या ३० दिवसांचे मेल मिळतात, आणि दुसऱ्या डिव्हाइसने आधीच उतरवलेले असले तरी मिळतात. एरवी जीमेलच्या पॉपमध्ये एकाने मेल ओढला की दुसऱ्याला तो दिसतच नाही, ती भानगड यात मिटते.

माझं मत सांगायचं तर जुना फोन हा दुसरा फोन असेल, वाचायचं आणि अधूनमधून दोन ओळींचं उत्तर द्यायचं एवढंच काम असेल, तर रिसेंटवालं पॉप. तोच एकमेव फोन असेल आणि मेलचे फोल्डर खरंच वापरत असाल तर वरची काटछाट करून आयमॅप.

एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक हा एकेकाळचा राजा होता. मेल आला की लगेच फोनवर, शिवाय कॅलेंडर आणि काँटॅक्टसुद्धा एकाच सेटिंगमध्ये. विंडोज मोबाइल, नोकियाचे ई सीरिजवाले, जुने आयफोन, सगळे यावर मजेत चालायचे. गूगलने फुकटच्या खात्यांसाठी ३० जानेवारी २०१३ पासून नवीन जोडण्या बंद केल्या, मायक्रोसॉफ्टचं वर सांगितलंच. आता हा रस्ता फक्त ज्यांच्या कंपनीचा स्वतःचा जुना सर्व्हर अजून चालू आहे आणि ॲडमिन दिलदार आहे त्यांच्यापुरता. आणि तेव्हाही लक्षात ठेवा, ॲक्टिव्हसिंकमध्ये ॲडमिनला अख्खा फोन दुरून पुसता येतो. नुसता मेल नाही, फोटोंसकट फोन.

ब्राउझर लोकांना सोपा वाटतो, ना पोर्ट ना काही. पण जीमेलचं साधं एचटीएमएलवालं पान, जे कुठल्याही भंगार ब्राउझरमध्ये उघडायचं, ते २०२४ च्या सुरुवातीला गेलं, आणि आताची पानं जुन्या ब्राउझरला झेपत नाहीत. ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडतो आणि दाबून छोटं करून फोनला देतो, त्यामुळे जावावाल्या फोनवरही काहीतरी दिसतं, पण याचा अर्थ तुमचं पान मधल्या त्या सर्व्हरवर उलगडलं जातं, पासवर्डसकट. बातम्या वाचायला ठीक, मेलच्या मुख्य खात्याला मी तरी नाही वापरणार.

फोनांचं थोडक्यात. ब्लॅकबेरी ७ आणि त्याआधीचे असतील तर वेळ घालवू नका, त्यांचा मेल कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमधून फिरून यायचा आणि ती सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. सेवा संपली ती ब्लॅकबेरी १० चीही, पण ते फोन मेल सर्व्हरशी स्वतः बोलतात, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन सगळं हाताने भरायचं. नोकियाचे सिंबियनवाले, ई७१ वगैरे, कीबोर्डला तोड नाही, आयमॅप-पॉप दोन्ही आहे, पण एन्क्रिप्शन २००८ च्या काळातलं, त्यामुळे आजच्या सर्व्हरपुढे बहुतेकदा अडतात. पाम आणि विंडोज मोबाइलचं तेच. आयफोन ४ आयओएस ७.१.२ वर थांबलाय, त्यावर खातं जोडताना गूगलच्या चिन्हावर न जाता अदर निवडून आयमॅप आणि ॲप पासवर्ड टाका.

अँड्रॉइडमध्ये एक गंमत बघा. २.३.७ आणि त्याखालच्या फोनांवर गूगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून साइन इन बंद केलं, त्यामुळे लोक समजतात की जीमेलचा विषयच संपला. पण संपलं ते गूगल खातं, फोनमध्ये ईमेल नावाचं दुसरं एक साधं ॲप असतं, त्यात ॲप पासवर्ड टाकून प्रयत्न करता येतो, एन्क्रिप्शनने अडवलं तर मात्र अडवलं. अँड्रॉइड ५ किंवा पुढचा असेल तर नशीबवान आहात, थंडरबर्ड हे मेलचं ॲप त्यावर चालतंय का बघा. त्याला ओऑथ येतं, त्यामुळे हॉटमेलसुद्धा त्यावर जमू शकतं. आणि अजून काय विकत घ्यायचं ते ठरायचं असेल तर तेच लक्षात ठेवून घ्या, कीबोर्ड कितीही गोड दिसला तरी.

आता ते आडवळण. मुख्य खातं जुन्या फोनवर टाकायचंच नाही. साधा पासवर्ड किंवा ॲप पासवर्ड मान्य करणाऱ्या एखाद्या सेवेवर एक वेगळं रिकामं खातं उघडायचं आणि मुख्य खात्यात फिल्टर लावून फक्त घरच्यांचे, चार मित्रांचे, कामाच्या दोन माणसांचे मेल तिकडे फॉरवर्ड करायचे. हॉटमेलवाल्यांनाही हे जमतं. उत्तर नव्या पत्त्यावरून जाईल हा तोटा आहे, ज्यांना पाठवणार त्यांना एकदा सांगून ठेवा. फायदा असा की मेमरी भरत नाही, जाहिरातींचे मेल येत नाहीत, आणि वर्षानुवर्षं सिक्युरिटी अपडेट न मिळालेल्या फोनमध्ये तुमच्या बँकेच्या पासवर्ड रीसेटची चावी पडून राहत नाही. ॲप पासवर्ड चोरीला गेला तर तेवढाच रद्द करता येतो हे खरं, पण रद्द करेपर्यंत तो अख्खी मेलपेटी उघडतो. जाता जाता, गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, तेव्हा फोन अचानक गप्प झाला तर आधी ते आठवा.

घरी एखादा कॉम्प्युटर सतत चालू असेल आणि हात काळे करायची तयारी असेल तर मध्ये प्रॉक्सी, म्हणजे फोन आणि सर्व्हरमधला मध्यस्थ प्रोग्राम, बसवता येतो. एसटनेलसारखा प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हरशी नव्या टीएलएसने बोलतो आणि घरातल्या फोनशी जुन्या भाषेत, आणि एक्स्चेंजसाठी डेव्हमेल आहे, ते ओऑथ स्वतः सांभाळून फोनला साधं आयमॅप देतं. मजा येते करायला, पण हे घरच्या वायफायपुरतंच ठेवा, इंटरनेटवर उघडं टाकू नका. आणि घराबाहेर पडलात की मेल बंद, हे मान्य असेल तरच.

किरकोळ पण त्रासाच्या गोष्टी. सिंक दर पंधरा मिनिटांनी लावलंत तर थकलेली बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, हाताने रिफ्रेश करणं बरं. अटॅचमेंट मेलमधून जाताना मूळ फाइलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे फक्त हेडर (पाठवणारा, विषय, तारीख) किंवा पहिले काही केबी उतरवा हे सेटिंग शोधा. खूप जुन्या फोनांत देवनागरीचा फाँटच नसतो, मराठी मेल म्हणजे नुसते चौकोन, त्याला सेटिंगमध्ये औषध नाही.

आणि सगळं जमलं, मेल धडाधड यायला लागले, पण पाठवताना आउटबॉक्समध्येच अडकतायत, असं झालं तर घाबरू नका, दहातल्या नऊ वेळा आउटगोइंग सर्व्हरच्या पानावर ऑथेंटिकेशनची खूण करायची राहिलेली असते. युजरनेम-पासवर्ड तिथेही परत भरा, रिसेंट वापरला असेल तर इथे तो शब्द न टाकता नुसता पत्ता, पोर्ट ४६५ ला एसएसएल किंवा ५८७ ला स्टार्टटीएलएस. आणि २५ असेल तर ते बदला, अनेक नेटवर्कवर ते आधीच अडवलेलं असतं.