फिरती पेटी आणि घडीचं मतपत्र : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा जमवणारे आम्ही सहा जण अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या खेड्यांत राहतो. फेब्रुवारीपासून बारा पुस्तकांची एक पेटी सहा घरी आळीपाळीनं फिरते. वाचून झालं की मत लिहायचं आणि पेटी पुढं धाडायची. दहा महिन्यांनंतर सांगायचं तर पेटी ठीक चालली, पण खरं काम केलं ते मतपत्रानं. असं काही सुरू करणाऱ्यांनी आधी मतपत्र नीट बसवावं, पेटीचं नंतर पाहता येतं.

सुरुवातीला सगळ्यांची मतं लिहायला पेटीत एकच वही होती. ती तीन कारणांनी बंद केली. पहिल्यानं ‘शेवट फसला’ असं लिहिलं की पुढचे पाचही जण तो शेवट कुठं फसतो हेच शोधत वाचतात. दुसरं, वही उघडली की न वाचलेल्या पुस्तकाचं रहस्य डोळ्यांपुढं येतं. तिसरं कारण आपल्यासारख्या संग्राहकांचंच. ‘फार चांगलं पुस्तक’ म्हणजे कथा चांगली की प्रत चांगली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मुखपृष्ठ शाबूत असलेल्या दुर्मीळ प्रतीच्या आनंदात सुमार कथेलाही चांगले शब्द मिळतात.

आताचं मतपत्र असं आहे. ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा, त्याचे आडवे तीन भाग. वरच्या भागात फक्त प्रतीबद्दल लिहायचं. मधल्या भागात कथेबद्दल, पण पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काहीही नाही. १२८ पानांचं पुस्तक असेल तर ३२व्या पानापर्यंत जे घडतं तेवढंच. खालच्या भागात शेवट, गुन्हेगार, उलगडा, सगळं मोकळेपणानं. हा भाग वर दुमडून कागदाच्या पट्टीनं चिकटवायचा. प्रत्येकाचं पत्र वेगळं, आणि सगळी पत्रं त्या पुस्तकाच्या पाकिटात. आपलं पत्र पाकिटात पडल्याशिवाय दुसऱ्याचं वाचायचं नाही, हा एकच कडक नियम आहे. तो पाळला तर बाकीचे नियम थोडे सैल झाले तरी चालतं.

काही बारीक गोष्टी अनुभवानं बदलल्या. घडीला स्टेपलरची पिन लावली होती, ती पावसाळ्यात गंजली आणि कागदावर तांबूस डाग उठले. म्हणून कागदी पट्टी. जेल पेनची शाई दमट हवेत फुटते, शिसपेन्सिल बरी. मतपत्र पुस्तकाच्या पानांत ठेवायचं नाही, कारण जाड घडीमुळं पुठ्ठा उचलला जातो आणि पाठीच्या डिंकाला भेग पडते. पाकिटावर बाहेरून पुस्तकाचा क्रमांक लिहिला की पुरे.

नाव न पाहता मत देण्याचा एक चांगला दाखला आपल्याकडंच आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. परीक्षकांपुढं फक्त कथा होती. पुस्तकाच्या बाबतीत लेखकाचं नाव लपवणं जमत नाही, पण इतरांचं मत लपवणं जमतं, आणि फरक तेवढ्यानंही पडतो. एकाच पुस्तकाबद्दल चार विरुद्ध दोन असे गट आता दर फेरीत दिसतात. वहीच्या काळात सगळे एकाच सुरात बोलायचे.

कथेबद्दल काय लिहायचं हे मात्र कथेच्या जातीवर ठरवावं लागतं. सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली की अन्याय होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या कथांना ‘वाचकाला सगळे धागे आधी दिले होते का’ हा प्रश्न विचारला तर त्या नापास होतात. पण त्या धागे जुळवण्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. वेषांतर, पाठलाग, ऐनवेळची सुटका, छोटी प्रकरणं आणि प्रकरणाच्या टोकाला नवा पेच, ही त्यांची रीत. तिथं विचारायचं ते हे : पेच किती पानांनी बदलतो, तोच तो डाव दुसऱ्यांदा येतो का, आणि खलनायक नायकाच्या तोडीचा आहे का. माझं मत असं की यांतली एका बैठकीत एकच कथा वाचावी. लागोपाठ तीन वाचल्या की योगायोग डोळ्यांत येतात, आणि मतपत्रावर लेखकाऐवजी वाचकाचा थकवा उतरतो.

सुहास शिरवळकरांच्या मंदार पटवर्धन किंवा फिरोज इराणी या नायकांच्या कथांत संवाद पुढं येतो. तिथं प्रश्न असा की पात्रांच्या बोलण्यातून माहिती मिळते, की बोलणं नुसतं चटपटीत आहे? नुसतं चटपटीत असलं तरी वाचायला मजा येते, पण पुन्हा वाचताना ते भाग उडी मारून ओलांडले जातात. पुन्हा वाचावंसं वाटतं का, हा रकाना याच फेरीत वाढवला. संग्रह करणाऱ्याला तो सर्वांत उपयोगी, कारण कपाटातली जागा मोजकी असते.

भयकथेत मोजायचं ते वेगळं. न दिसणारी गोष्ट लेखक किती पानं न दाखवता टिकवतो, आणि दाखवल्यावर भीती वाढते की उतरते, हे दोनच रकाने पुरतात. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांत समर्थ येणार आणि संकटाचं निवारण होणार हे ठाऊक असतं, म्हणून ‘माणसं जगतील का’ ही धाकधूक नसते. गोडी असते ती निवारणाच्या पद्धतीत आणि आधीच्या घरगुती तपशिलात. एखादा जुना वाडा, बंद खोली, घरातल्या माणसाचं हळूहळू बदलत जाणं, हे धारप फार ताकदीनं लिहितात. ‘लुचाई’सारख्या कादंबरीवर मत देताना आणखी एक काळजी घ्यावी. तिचा आराखडा स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या व्हॅम्पायर कादंबरीवरून आलेला आहे. म्हणून कल्पनेचं श्रेय आणि मराठी गावात ती रुजवण्याचं श्रेय वेगवेगळं लिहावं. एका ओळीत दोन्ही मिसळलं की भांडण होतं आणि कोणाचंच म्हणणं पुढं सरकत नाही.

विज्ञानकथेला एकच प्रश्न : गृहीतक, म्हणजे ‘असं झालं तर’ म्हणून धरलेली कल्पना, एक आहे का, आणि ते शेवटपर्यंत पाळलं का.

आता वरचा भाग, म्हणजे प्रत. इथं बहुतेकांचे रकाने आधी रिकामे येत, कारण जुन्या पॉकेटबुकांवर पुष्कळदा सालच नसतं. साल काढायच्या खुणा पाकिटावर छापून दिल्यावर हा भाग भरायला लागला. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ छापलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. नुसते ‘पैसे’ असेल तर त्यानंतरचं. पत्त्यात ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई ४’ असा आकडा असेल तर बहुधा पिनकोडाच्या आधीचं. ‘४११ ०३०’ असा सहा आकडी पिन असेल तर नक्कीच १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. शुद्धलेखनही बोलतं. ‘कांहीं’, ‘पुढें’, ‘आंत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी गेले. मात्र जुनीच अक्षरजुळणी वापरून केलेलं पुनर्मुद्रण असेल तर अनुस्वार जुने आणि किंमत नवी असं होतं, म्हणून दोन खुणा जुळल्याशिवाय साल लिहू नये. ‘बॉम्बे’ बदलून ‘मुंबई’ झालं ही खूण मराठी पुस्तकांना लागू नाही, आपण आधीपासून मुंबईच छापत आलो.

पानं मोजणं सक्तीचं करा. पुस्तक फर्म्यांत छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं छापून त्याची घडी घालतात, आणि सोळा पानांचा फर्मा नेहमीचा. म्हणून जीर्ण प्रतीत सुटलेली पानं पुष्कळदा एकटी नसतात, चार-आठ-सोळा अशी जातात. रहस्यकथेत शेवटचा फर्मा गळालेला असला तर उलगडाच गेला. गावच्या ग्रंथालयातून निर्लेखित होऊन, म्हणजे नोंदीतून काढून टाकली जाऊन, आलेल्या प्रतीत शिक्का, दाखल क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी असते. त्यानं कथेचं काही बिघडत नाही, पण पुठ्ठा बांधणी करताना मूळ चित्रमय मुखपृष्ठ आणि मागच्या जाहिरातींची पानं पुष्कळदा काढून टाकलेली असतात. त्या जाहिरातींतूनच पुढच्या पुस्तकांची यादी आणि काळ समजतो, म्हणून ‘जाहिरात पानं आहेत / नाहीत’ हा रकाना ठेवा.

विदर्भातल्या हवेचा त्रास पेटीला दोनदा झाला. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पाठीचा डिंक काचेसारखा कडक होतो. अशा वेळी पुस्तक सपाट उघडलं की कडकन तडा जातो. ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नये, दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल द्यावा. त्याहून मोठी चूक म्हणजे कुलरच्या खोलीत पेटी ठेवणं. कुलरचं गवत ओलं, हवा दमट, आणि वर्तमानपत्री कागद ते पाणी शोषून लाटांसारखा उठतो. रात्री ओला, दुपारी वाळका असं रोज झालं की पानं सरळ होतच नाहीत. पेटी शेजारच्या कोरड्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, चार विटांवर. विटा उधई टाळण्यासाठी. भिंतीला टेकलेल्या पेटीत उधई मातीची नळी करून येते आणि दिसत नाही.

पावसाळ्यात प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची पेटी घेतली तर आत अडकलेला दमटपणा बाहेर जात नाही, बुरशी येते. पत्र्याच्या पेटीत १०० ग्रॅम सिलिका जेलची कापडी पिशवी ठेवून रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडी करून घेतली, ते चाललं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात तिचा चिकट द्रव पाझरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि डाग कायमचा राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि ताजी मैद्याची खळ, एक चमचा मैद्याला पाच चमचे पाणी, उकळून गार केलेली. खळ अगदी कमी लावायची, जास्त राहिली की कसर आणि झुरळं तिथंच कुरतडतात. कसर लागलेलं पुस्तक पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा उपाय शहरात जमतो. आपल्याकडं वीज तासन्‌तास जाते, थंडी तुटते आणि कीड जगते. ते पुस्तक पेटीतून बाजूला काढून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.

वेळापत्रकाची चूक मोठी होती. प्रत्येक घरी चार आठवडे ठरवले, आणि जूनअखेर पेरणीत पेटी एकाच घरी अडकून पडली. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांतही तेच झालं. आता उन्हाळ्यात तीन आठवडे, हंगामात सहा. आठवडी बाजाराच्या दिवशी हातोहात देणं सर्वांत सोपं. दूरच्या घरी सुटी पुस्तकं टपालानं पाठवायची तर ‘ज्ञान पोस्ट’ स्वस्त आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, म्हणून कादंबरी घेतात का हे खिडकीवर आधी विचारावं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. त्यामुळं पहिलं पान गळालेल्या प्रती या मार्गानं पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, त्या बाजारातच हाती द्या.

पुढच्या फेरीत दोन बदल आहेत. भाषांतरित किंवा रूपांतरित पुस्तकाला मतपत्रात मूळ पुस्तकाचा वेगळा रकाना, आणि पेटीत बाराऐवजी आठच पुस्तकं. बारांत शेवटची तीन-चार घाईत वाचली जायची, आणि त्यांची मतपत्रं नुसती ‘बरं आहे’ एवढीच येत.