महाभूमीचा 15 रुपयांचा सातबारा: नाशिकला प्लॉट घेताना कुठवर पुरतो?

आडगाव, मखमलाबाद, पाथर्डीकडे प्लॉट बघायला निघण्याआधी महाभूमीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या, संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फुकटची प्रत फक्त माहितीपुरती असते. सहीच्या उताऱ्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो. तो टाकून उतारा खरा की बनावट हे कुणालाही घरबसल्या कळतं. तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. 15 रुपयांत एवढी खात्री दुसरीकडे मिळत नाही.

नाव आणि क्षेत्र नंतर वाचा. आधी भूधारणा पद्धती (जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे) आणि ‘इतर अधिकार’ बघा, खरी मेख तिथे असते. ‘भोगवटादार वर्ग 2’ (विकण्यावर बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय केलेली विक्री शर्तभंग ठरते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. कूळकायदा कलम 43 चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन) दिसला म्हणून लगेच माघार घ्यायचं कारण नाही. 32 म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारकडे भरून विक्री होते. प्रमाणपत्राची प्रत मात्र मागून घ्या. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला ‘36 अ’चा शेरा भेटतो. या कलमानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ‘परवानगी नंतर काढू’ म्हणत कुलमुखत्यारपत्रावर विसार मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सेवेतली मोठी उणीव अशी, की शेऱ्यापुढे नुसता फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) क्रमांक येतो. बंधन का आलं हे त्या फेरफाराच्या नकलेत असतं आणि ती वेगळी काढावी लागते. विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता, आरक्षण, गोदावरी-नासर्डीची पूररेषा यांतलं काहीही सातबाऱ्यावर दिसत नाही. निळ्या पूररेषेच्या आतला प्लॉट उताऱ्यावर अगदी स्वच्छ असू शकतो! म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्याच. जुन्या नाशकात, पंचवटीत सिटी सर्व्हे झालेल्या मिळकतीला सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक लागतं. तिथे सत्ताप्रकार (मिळकत कोणत्या हक्काने धारण केली आहे) तपासा.

फ्लॅटच्या व्यवहारात हा उतारा फारसा कामाचा नाही. तिथे सोसायटीचे उपविधी वाचा. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्य 25,000 रुपयांच्या वर मागता येत नाही.

सौदा ठरला की उतारा पुन्हा काढा आणि ‘प्रलंबित फेरफार’ बघा. तिथे नोंद असेल तर ‘आपली चावडी’ या ऑनलाइन नोटीस फलकावर तिची नोटीस फुकट वाचता येते, हरकतीला 15 दिवस असतात. तो फेरफार मंजूर होईपर्यंत खरेदीखत थांबवा.