पाळी थांबल्यावर हाडांसाठी: प्रोबायोटिक कॅप्सूल की घरचं दही?

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्यामुळे आतड्याचं अस्तर सैल पडतं, दाह वाढतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात. म्हणूनच आता प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलची एवढी चर्चा आहे.

कॅप्सूलमध्ये जिवाणूचा प्रकार आणि मात्रा ठरलेली असते. स्वीडनमधल्या 2018च्या अभ्यासात 75 ते 80 वर्षांच्या 90 बायका होत्या. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची वर्षभरातली झीज न घेणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मीच झाली. मला हे फार आशादायक वाटलं होतं. पण 2024च्या मोठ्या, दोन वर्षांच्या चाचणीत, पाळी नुकतीच थांबलेल्या बायकांना त्याच जिवाणूचा फायदा झाला नाही.

दह्यात कोणते जिवाणू, किती, हे विरजणावर. मात्र वाटीभर दह्यातून प्रथिनं आणि साधारण 150 ते 200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. कढी उकळली तर जिवाणू मरतात, कॅल्शियम तसंच राहतं.

माझं मत दह्याकडे. कॅप्सूलचे पैसे आधी व्हिटॅमिन डीच्या आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीला लावा. हाड ठिसूळ निघालं, तर डॉक्टरांनी दिलेलं औषध दह्यासाठी किंवा कॅप्सूलसाठी थांबवू नका.