जोडीदाराच्या बदलीमागं कोल्हापूर सोडून पुण्याला जावं का? तीन वाटांचा घरगुती हिशेब

बायकोची पदोन्नतीवर पुण्याला बदली झाली, तेव्हा आमच्यापुढं तीन वाटा होत्या. सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं. तिनं एकटीनं तिकडं राहून शनिवार-रविवार यायचं. किंवा पदोन्नतीला नको म्हणायचं. त्यातल्या दोन वाटा आम्ही चालून बघितल्या. ती केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे. मी कोल्हापुरात छोट्या उद्योजकांची आणि दुकानदारांची जीएसटी-आयकराची कामं करतो. घर शुक्रवार पेठेत, स्वतःचं, आई-आबांसोबत. मुलगी तेव्हा चौथीत होती.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदा नीट मांडतोय. घरखर्चाचे आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे असतील. नियम मात्र सारखेच आहेत.

पगार किती वाढतो

"पुण्याला गेलं की भत्ते वाढतात" हे सगळेच सांगतात. किती वाढतात ते बघू. सातव्या वेतन आयोगानुसार घरभाडे भत्त्यासाठी पुणे एक्स वर्गात आणि कोल्हापूर वाय वर्गात आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून एक्स वर्गाला मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि वाय वर्गाला २० टक्के मिळतात. मूळ वेतन ५०,००० धरलं तर कोल्हापुरात १०,००० आणि पुण्यात १५,०००. फरक पाच हजारांचा. वाहतूक भत्ता तिच्या स्तराला कोल्हापुरात १,८०० आणि पुण्यात ३,६००, त्यावर महागाई भत्ता वेगळा. पदोन्नतीची एक वेतनवाढ म्हणजे मूळ वेतनाच्या साधारण ३ टक्के. सगळं मिळून महिन्याला दहा हजारांच्या आसपास. तेही कर कापायच्या आधी, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर घरभाडे भत्त्यावर करसूट मिळत नाही.

एक रक्कम मात्र लोक विसरतात. प्रशासकीय बदली असेल तर मूळ वेतनाच्या ८० टक्के बदली अनुदान एकरकमी मिळतं. आमचं घर लागायचा पहिला फटका त्यातूनच बराचसा निघाला. स्वतः अर्ज करून बदली मागितली असेल तर ते धरून चालू नका.

घर

इथं सगळ्यात मोठा फरक पडतो. कोल्हापुरात आमचं भाडं शून्य होतं. तिचं कार्यालय पुणे स्टेशनजवळ, म्हणून वनाझ-रामवाडी मेट्रोच्या आसपास घर शोधलं. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचं, जुन्या सोसायटीतलं घर २८,००० रुपयांना मिळालं. धायरीकडं तसंच घर वीस हजारांत मिळत होतं. आठ हजार वाचत होते, पण स्टेशनपर्यंत दुचाकीनं जायला-यायला रोज दोन तासांवर जाणार होते. ज्या माणसासाठी सगळं घर हलतंय, तोच रोज दमून रात्री आठला दारात येणार असेल तर हलण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही जास्त भाडं पत्करलं.

शिवाय तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एजंटला एका महिन्याचं भाडं. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे तो खर्च किरकोळ आहे. करारात 'लॉक-इन', म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा आहे ते मात्र वाचा. आमच्या पहिल्या मसुद्यात अकराच्या अकरा महिने लॉक-इन होता, तो मी सहावर आणून घेतला. बदलीच्या नोकरीत तेवढी मोकळीक ठेवावीच लागते.

सरकारी क्वार्टर मिळत असेल तर सगळा हिशेबच फिरतो. घरभाडे भत्ता बंद होतो, पण २८,००० रुपयेही वाचतात. अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

मागं येणाऱ्याचं उत्पन्न

बदलीच्या गप्पांत ज्याची बदली झाली त्याच्याच पगाराबद्दल बोललं जातं. मागं येणाऱ्याचं काय बुडणार, हे कुणी कागदावर मांडत नाही. ते 'जमवून घेऊ' म्हणून सोडून देतात. बायका नवऱ्याच्या बदलीमागं नोकऱ्या सोडत आल्या, तेव्हा तर याला हिशेब म्हणायचीही पद्धत नव्हती. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला त्याचं वजन कळलं.

माझी चाळीसेक गिऱ्हाइकं आहेत. उद्यमनगरातले मशीन शॉपवाले, शिरोलीतल्या दोन फाउंड्र्या, गुजरीतली काही दुकानं, मार्केट यार्डातले गुळाचे अडते. रिटर्न ऑनलाइन भरतात, मग कुठूनही होईल, असं सगळे म्हणाले. पण गुळाचा अडत्या पिशवीभर बिलं घेऊन येतो, समोर बसतो, चहा घेतो आणि मग ती पिशवी माझ्या हातात देतो. ते काम माझ्या संगणकामुळं मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या समोरासमोरच्या बसण्यातून मिळतं.

म्हणून मी एक गोष्ट केली, आणि ज्याचं काम ओळखीवर चालतं त्या प्रत्येकाला मी ती सुचवतो. कोल्हापुरातच राहून तीन महिने पुण्यात असल्यासारखं वागलो. कुणाच्या दुकानात गेलो नाही. सगळं फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर. तिसऱ्या महिन्याअखेर कोण टिकणार आणि कोण जाणार हे स्पष्ट दिसलं. महिन्याला सरासरी ४५,००० मिळायचे, ते ३३,००० वर आले. अंदाजानं मी पाच हजारांचा तोटा धरला होता, निघाला बारा हजारांचा.

प्रत्येक पेशाचं गणित वेगळं आहे. जिल्हा परिषदेत शिक्षक असाल तर पती-पत्नी एकत्रीकरणाचा आधार घेता येतो, पण दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर सेवाज्येष्ठता तळाला जाते, हे आधी मनात पक्कं करा. दोघंही केंद्र सरकारी असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, असं केंद्राचं २००९ सालचं धोरण आहे, ते अर्जात जरूर नमूद करा. सीएनसी, डिझाइन, गुणवत्ता तपासणी यांत असणाऱ्याला चाकण-भोसरीकडं कोल्हापूरपेक्षा जास्त पगार मिळू शकतो, त्याच्यासाठी ही बदली नुकसानीची नाहीच. वकिलांसाठी चित्र उलटं झालंय. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात. जोडीदारामागं मुंबई-पुण्याला जायच्या आधी वकिलानं आता दहा वेळा विचार करावा. आणि ज्याचा ऊस आहे, जनावरं आहेत, त्यानं वाटेकरी किती भरवशाचा आहे हे बघूनच पाऊल उचलावं.

आई-आबा

आई म्हणाली, "आमी काय लहान हाय व्हय? जा तुम्ही." आबा काही बोलले नाहीत. दोघांनाही पुण्याला यायचं नव्हतं. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध, सकाळी अंबाबाई, संध्याकाळी रंकाळा, हाक मारली की वर येणारे शेजारी, हे सोडून कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर ते काय करणार? त्यांना नेणं म्हणजे त्यांची काळजी घेणं, असं मी आधी समजत होतो. आता तसं वाटत नाही.

भीती एकाच गोष्टीची आहे, पावसाळ्याची. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. एरवी पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर आहे, रात्री निघालं तरी पहाटे पोचता येतं. पण नेमकी गरज लागेल तेव्हाच रस्ता बंद असू शकतो. ज्यांचे आई-वडील नदीकाठच्या पेठांत राहतात त्यांनी हे गृहीत धरूनच सोय करावी. आम्ही जूनमध्येच राजारामपुरीतल्या मावशीकडं त्यांची एक पेटी नेऊन ठेवतो. औषधं, कागदपत्रं, दोन जोड कपडे. पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागलं की शेजारचा पोरगा दोघांना तिकडं सोडतो. हे त्याच्याशी स्पष्ट बोलून ठरवलंय.

एकटीनं राहणं स्वस्त, पण

आता तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवतो.

सगळे गेलो तर भाडं २८,०००, वाढीव किराणा-दूध चार हजार, शाळेचा जादा खर्च तीन हजार, कोल्हापूरच्या फेऱ्या चार हजार आणि माझं बुडालेलं उत्पन्न बारा हजार. एकूण ५१,०००. त्यातून तिची दहा हजारांची वाढ वजा केली की महिन्याला ४१,००० चा खड्डा. ती एकटी राहिली तर खोली अकरा हजार, जेवण पाच, प्रवास चार. वाढ वजा जाता खड्डा फक्त दहा हजारांचा, आणि घरभाडे भत्ता तर पूर्णच मिळतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचाही हातभार लागतो. पदोन्नती नाकारली तर आज खिशातून काहीच जात नाही, पण वर्षभर पुन्हा पदोन्नती मिळत नाही आणि पुढच्या आश्वासित वेतनवाढीवरही परिणाम होतो. पंधरा वर्षं नोकरी उरलेल्या माणसानं ही वाट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं असतील तर घ्यावी.

म्हणजे कागदावर दुसरी वाट जिंकते. आम्ही तीच निवडली, जूनपासून पुढच्या मेपर्यंत.

शुक्रवारी सहाला ती कार्यालयातून निघायची. महामार्गाचं रुंदीकरण चालू, खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके पार करत घरी पोचायला साडेअकरा-बारा व्हायचे. मुलगी झोपलेली. शनिवारी सकाळी दोघी उशिरापर्यंत अंथरुणात बोलत बसायच्या. रविवारी जेवण झालं की हिचं लक्ष घड्याळाकडं. दोन दिवसांची सुट्टी म्हणायची, पण हातात दीड दिवससुद्धा येत नव्हता. त्यातही बँक, लग्न, आईचा डॉक्टर. नोव्हेंबरात मुलीला ताप आला तेव्हा तिनं आईला फोन करायचा नाही, असं मला बजावलं. "आई मग रात्रीची निघून येईल," म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीनं आईच्या प्रवासाची काळजी करून आपला ताप लपवला. मला तो हिशेब मांडता आला नाही.

तरी ही वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मूल दहावी-बारावीत असेल, किंवा बदलीची मुदत दोन वर्षांचीच असेल, तर याच वाटेनं जावं. मुदत मात्र आधी ठरवा. आमची ठरलेली नव्हती, म्हणून प्रत्येक रविवारची दुपार आधीच्या रविवारपेक्षा जड जात होती.

शेवटी काय केलं

मे महिन्यात, मुलीची परीक्षा संपल्यावर आम्ही बिऱ्हाड हलवलं. शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवला होता. कोल्हापूरचं घर आहे तसंच ठेवलं, आमची खोलीसुद्धा. मी दर महिन्याच्या १२ ते १५ तारखेला कोल्हापुरात असतो. ११ ला विक्रीचं रिटर्न झालेलं असतं आणि २० ला कराचं असतं, त्यामुळं मधले चार दिवस गिऱ्हाइकांकडून बिलं गोळा करायला सोयीचे पडतात, आणि रात्री आबांच्या शेजारी जेवायला बसता येतं. गुळाच्या अडत्यानं मला सोडलं नाही. तो आता पिशवी १३ तारखेला तयार ठेवतो. पुण्यात वर्षभरात नवी तीनच गिऱ्हाइकं मिळाली. इथं ओळख व्हायला वेळ लागेल, हे मी धरूनच चाललोय.

पेठेत बोलणी झालीच. बायकोच्या मागं गेला, असं तोंडावरही ऐकलं. त्याचा त्रास झाला, विशेषतः आबांसमोर कुणी बोललं तेव्हा. आबांनी त्याला एवढंच सांगितलं, "सून सायबीण झाली, पोरगं तिच्यासंगं गेलं. बरोबर केलं त्यानं."

ज्यांना निघायचंय त्यांनी एक गोष्ट निघायच्या आधी ठरवावी. माझे बुडालेले बारा हजार हा माझा त्याग मानायचा नाही, घराचा खर्च म्हणून लिहायचा, असं आमच्यात ठरलं आणि ते तिनंच सुचवलं. खर्चाच्या वहीत भाड्याच्या खाली ती ओळ असते. त्या बदल्यात तिच्या पगारातून दर महिन्याला बारा हजार माझ्या पीपीएफ खात्यात जातात, म्हणजे वर्षाला १,४४,०००, दीड लाखाच्या मर्यादेत. नवरा-बायकोत दिलेल्या पैशावर कर नाही, पण तेच पैसे मुदत ठेवीत ठेवले असते तर व्याज तिच्या उत्पन्नात धरलं गेलं असतं. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यानं तो प्रश्न येत नाही. ५ तारखेनंतर भरलं तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, म्हणून ती पगार झाला की दुसऱ्याच दिवशी भरते.