जुना बंगला पाडून नर्सिंग होम बांधायचं, की त्याच बंगल्यात करायचं?

इंदूरला रामबाग, सुदामानगरकडे आपल्या लोकांची जुनी घरं अजून आहेत आणि घरात कुणी डॉक्टर झालं की विषय निघतोच, पाडून टाकू आणि 20 बेडचं नवं बांधू. पैशाचं गणित सगळे करतात. पर्यावरणाचं कुणी करत नाही कारण विचारणारंच कुणी नाही, केंद्राच्या 2006 च्या नोटिफिकेशनप्रमाणे पर्यावरण मंजुरी 20,000 चौरस मीटर बांधकामाच्या पुढे लागते, आपलं नर्सिंग होम त्यात कुठे येतंय. म्हणजे हिशोब आपला आपणच करायचा.

नवं बांधलं तर मोठा फटका सिमेंट आणि सळईत बसतो, तोही पेशंट यायच्या आधीच. एक टन ओपीसी म्हणजे साधं सिमेंट बनताना 800-900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला अर्ध्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, म्हणून कारखान्याने वीज सोलरची घेतली तरी तो काही टळत नाही. वरून आपली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पक्का मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं आणि बरंच काँक्रीट जमिनीखालीच गडप होतं. जुन्या घराचा पाया धड असेल तर हे सगळं वाचतं, आणि माझ्या मते जुनं राखायला एवढं एक कारण पुरे आहे.

पण जुन्या स्लॅबला हॉस्पिटलचा भार झेपेल का, ही भीती सगळ्यांना असते. आपल्या बांधकामाच्या कोडमध्ये घराची खोली आणि वॉर्ड दोन्हीला चौरस मीटरला साधारण 200 किलोच धरतात, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि एक्सरे रूमला 300. मग ओटी-एक्सरे तळमजल्यावर घ्या, वॉर्ड वर न्या, बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. एक्सरेला 23 सेंटिमीटर पक्क्या विटेची भिंत लागते, जुन्या घरात 9 इंची भिंती आयत्याच असतात. नव्या बांधकामात लोक हौसेने सगळीकडे एएसी (हवेच्या बुडबुड्यांचे काँक्रीट) ब्लॉक लावतात, ते हलके आणि थंड असतात पण एक्सरे अडवायला कामाचे नाहीत, मग वर शिशाचा पत्रा मारत बसा.

आता नव्याची बाजू. ओटीत तासाला 20 वेळा हवा बदलायची, स्ट्रेचरची लिफ्ट, 2.4 मीटरचा पॅसेज, हे जुन्या घरात बसवताना निम्मं घर फोडावं लागत असेल तर हट्ट करू नका. दोन-तीन ओटी आणि आयसीयू हवं असेल तर नवंच बरं, नाहीतर एसीचं बिल आणि त्यामागचा कोळसा वर्षानुवर्षं भराल. ओपीडी, डायलिसिस, छोटा वॉर्ड एवढंच असेल तर जुनं ठेवा, गच्चीवर इन्सुलेशन आणि पांढरं चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचं) करा.

नवं करायचं ठरलं तर पीपीसी सिमेंट घ्या, त्यात 35 टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरलेली राख) चालते, खंडव्याकडे सिंगाजीच्या वीज प्लांटमधून राख निघतेच. एज (EDGE) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात दोन्ही डिझाइनचं मटेरियल, वीज, पाणी टाकून बघा. मलबा इंदूरच्याच देवगुराडियाच्या मलबा प्लांटला पाठवा, तिथे त्याचे ब्लॉक बनतात, पण लोखंड, लाकूड, विटा वेगळं करून. रात्री कान्ह नदीच्या काठावर ट्रॉली रिकामी करणाऱ्या ठेकेदाराला काम देऊच नका. सिमेंटचे पत्रे असतील तर ते तोडायचे नाहीत, फुप्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असतं त्यात, ओले करून अख्खे उतरवायचे. आणि स्लॅबला मारायचं पाणी नर्मदेचं असेल तर ते जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवून आलेलं असतं, पोती अंथरून भिजवा, नुसता पाइप सोडून देऊ नका.

जुन्यात एक धोका मात्र खरा आहे. अर्ध्या भागात तोडफोड आणि अर्ध्यात पेशंट असं करायचं असेल तर धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात, केमोच्या किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटला ते जीवावर बेततं. साधा पडदा नाही चालत, छतापर्यंत हवाबंद पार्टिशन आणि कामाच्या बाजूची हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पाहिजे. ते जमणार नसेल तर तेवढे महिने ओपीडी भाड्याच्या जागेत हलवा.

भुलीच्या नायट्रस ऑक्साइड वायूची सेंट्रल लाइन दोन्हीकडे टाळा, जॉइंटमधून गळत राहते आणि कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून जास्त तापवते, ओटीत छोटा सिलिंडर पुरतो.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, कॉलमचे कोअर (काँक्रीटचे नमुने) काढून, सळई किती गंजली ते उघडून बघून. प्लॅन एकदा छान रंगीत कागदावर आला की मग जुनं घर वाचवायला घरातलं कुणी तयार होत नाही.