एकशे अठराव्या मजल्यावरून व्हिक्टोरिया बंदर

हाँगकाँगच्या पश्चिम काउलूनमधील ४८४ मीटर उंचीच्या इंटरनॅशनल कॉमर्स सेंटरचे सर्वांत वरचे मजले, १०२ ते ११८, रिट्झ-कार्लटन हॉटेलकडे आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलचे स्वागतकक्षच १०३व्या मजल्यावर असल्यामुळे लिफ्टमध्ये कानाला दडे बसतात आणि दार उघडताच समोर आकाश येते.

खोली मागताना ती व्हिक्टोरिया बंदराच्या बाजूचीच मागावी, असे मी आग्रहाने सांगेन. खिडकीशी बसून पलीकडचे हाँगकाँग बेट, मधल्या पाण्यावरून ये-जा करणाऱ्या फेरीबोटी आणि संध्याकाळी एकेक करून उजळणाऱ्या इमारती पाहताना माझे दोन तास कसे गेले, ते कळलेही नाही. मात्र मार्च-एप्रिलमध्ये धुके दाटले, तर या उंचीवरून पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीच दिसत नाही. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हा कोरडा काळ निवडणे शहाणपणाचे. ११८व्या मजल्यावरचा तरणतलाव अप्रतिम आहे. इमारतीखालीच काउलून स्थानक असल्याने विमानतळावरून रेल्वेने सामानासह थेट पोहोचता येते. दर अर्थातच चढे आहेत, तरीही एका रात्रीसाठी मी ते पुन्हा आनंदाने देईन.