एचएक्स स्टॉम्प की हेलिक्स नेटिव्ह? आवाज तोच, मग घोडं पेंड कुठे खातं

गिटारसाठी मॉडेलर (अँप्लिफायर म्हणजे अँप आणि इफेक्ट यांची नक्कल करणारा खोका) घ्यावा की लॅपटॉपवरच भागवावं, हा प्रश्न महिन्याभरात तिघांनी विचारला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लाइन सिक्स कंपनीचं हेलिक्स नेटिव्ह हे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) मी आधी वर्षभर वापरलं, मग त्यांचाच एचएक्स स्टॉम्प हा खोका घेतला. दोन्हींतले अँप आणि कॅब (अँपच्या स्पीकरची पेटी) तेच. ‘यूएस डबल’ म्हणजे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, ‘ब्रिट २२०४’ म्हणजे मार्शलचा जेसीएम-८००, ही टोपणनावं एकदा पाठ झाली की दोन्हीकडे उपयोगी पडतात. ब्लॉकची (एक अँप किंवा एक इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) मर्यादा पाळली तर एकात केलेला प्रीसेट (साठवून ठेवलेली जुळणी) दुसऱ्यात उघडतोही. त्यामुळे कुणाचा आवाज चांगला, हा वाद इथे नाहीच. रोज संध्याकाळी कुणाशी जास्त पटतं, एवढंच बघायचं.

शिकायला नेटिव्ह सोपं, हे आधीच कबूल करतो. गिटारपासून रिव्हर्बपर्यंतची (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) अख्खी साखळी एका नजरेत दिसते. कॅबसमोरचा माइक स्पीकरच्या मध्यापासून जरा कडेला सरकवला की टोचणारा आवाज कसा निवतो, हे मला तिथेच उमगलं. लो कट (त्याखालचा आवाज छाटणं) ९० हर्ट्झच्या आसपास आणि हाय कट (त्यावरचा छाटणं) साडेसहा-सात हजारांवर आणायची सवयही तिथलीच. स्टॉम्पवर हेच सगळं काडेपेटीएवढ्या पडद्याखालचे तीन नॉब फिरवत करायचं. एचएक्स एडिट हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर लावलं तर मोठ्या स्क्रीनवर दिसतं, पण मग लॅपटॉप आलाच. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी याचा विचार करावा.

स्टॉम्पमध्ये ब्लॉक आठच. मुळात सहा होते, २०२०च्या ३.० अपडेटने दोन वाढले. सुरुवातीला हे मला कंजूषपणाचं वाटलं. पण नेटिव्हमध्ये मी काय केलं होतं? दोन अँप, तीन डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट), दोन रिव्हर्ब, आणि त्यातला कोण काय करतोय याचा पत्ता नाही. आठात भागवायची वेळ आली तेव्हा कुठे एकेक ब्लॉक बंद-चालू करून ऐकायला लागलो.

(रात्री हळू आवाजात बेस वाढवून केलेला प्रीसेट मित्राकडे मोठ्याने वाजवला की गढूळ होतो. याचा दोष दोघांनाही देऊ नका, हळू आवाजात बेस कमी ऐकू येणं हा कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच तो मोजून ठेवलाय.)

आता खरं दुखणं. आमची बिल्डिंग जुनी. लॅपटॉप चार्जरला लावून नेटिव्ह उघडलं आणि गेन (अँपमध्ये शिरणाऱ्या आवाजाचा जोर) वाढवला की खाली एक घरघर सुरू व्हायची. तारांना हात लावला की कमी, हात काढला की पुन्हा. तिच्यावर आणखी एक बारीक किरकिर. गंमत म्हणजे माउसने पान वरखाली केलं की त्या किरकिरीचा सूर बदलायचा! केबल बदलली, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) मित्राचा आणून पाहिला, गिटारच्या पिकअपला (तारांची कंपनं टिपणारा भाग) नावं ठेवून झाली. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “साहेब, भोकं तीन आहेत, पण वायरी दोनच आल्यात.” अर्थिंगची हिरवी वायर त्या बोर्डापर्यंत कधी ओढलीच नव्हती.

चार्जर काढला की शांतता. पण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःला आवरतं घेतो आणि मग आवाज फुटायला लागतो. तो फुटू नये म्हणून बफर (लॅपटॉप एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) ६४ वरून २५६ वर न्यायचा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, २५६ म्हणजे एका बाजूचे सव्वापाच मिलिसेकंद. आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, वर ड्रायव्हरचे थोडे. ध्वनीला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे अँप चार-पाच मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. संथ सुरावटीला चालून जातं. पाम म्यूटला (तळहात तारांवर टेकवून वाजवताना) मात्र पिक आणि आवाज यांच्यात कुणीतरी उभं आहे असं सतत वाटतं. माझ्या हाताला तरी वाटायचं. तुमच्या कदाचित नाही वाटणार.

स्टॉम्प त्याच बोर्डात लावला. घरघर उरली, पण नॉइज गेटने (वाजवत नसताना आवाज बंद करणारा इफेक्ट) झाकण्याइतकी. किरकिर गेली. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की ती पुन्हा हजर होते, म्हणून मी प्रीसेट करतो, सेव्ह करतो, केबल उपटतो आणि मग वाजवतो. मुलं झोपल्यावर मिळणाऱ्या पाऊण तासात अपडेटची खिडकी नाही, बफर नाही. फक्त अडॅप्टर जपा. ९ व्होल्ट, ३ अँपिअर आणि सेंटर निगेटिव्ह (मधलं टोक ऋण) लागतो, पेडलचा साधा अडॅप्टर पुरत नाही.

बऱ्यापैकी लॅपटॉप आणि इंटरफेस आधीच घरात असेल आणि मुख्य काम रेकॉर्डिंगचं असेल, तर नेटिव्हला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. वाजवून झाल्यावर अँप बदलायची सोय फार मोठी आहे, त्यासाठी मीही ते ठेवलंय. पण दोन्हींपैकी एकच ठेव म्हणालात, तर मी खोका ठेवीन.

पैसे टाकण्याआधी एक करा. नेटिव्ह काही दिवस फुकट वापरून बघता येतं. ज्या कोपऱ्यात रोज बसणार तिथेच बसा, चार्जर लावा, ब्रिट २२०४चा ड्राइव्ह (म्हणजे गेनच) पूर्ण चढवा, गिटारवरचा हात काढा आणि माउस फिरवा. काही ऐकू आलं नाही, तर माझं अर्धं म्हणणं तुमच्यापुरतं बाद.